कुणाच्या हातचं

ज्वारीच्या पांढऱ्या भाकरीचा चांगला फोटो काढणं हे आमच्या धंद्यातलं अवघड काम आहे. नवरीचा शालू, नवरदेवाचा फेटा, हळदीने माखलेले हात यांत रंगच इतके असतात की कॅमेऱ्याला फारसं सांगावं लागत नाही. भाकरीला ना रंग, ना चमक. शिवाय कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. त्यामुळे पांढरी वस्तू समोर आली की फोटो काळवंडतो आणि तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी कालची दिसते. मीटर म्हणेल त्याहून निदान एक स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. समोरून फ्लॅश मारला तर पापुद्रा नाहीसा होतो आणि नुसता एक गोल उरतो. उजेड बाजूने, दारातून किंवा खिडकीतून, आडवा यावा लागतो. तसा तो आला की भाकरीवर बोटांचे ठसे दिसू लागतात. थापताना उमटलेले, मधून कडेकडे सरकत गेलेले, प्रत्येक बाईचे वेगळे.

ते ठसे पहिल्यांदा नीट दिसले तेव्हा मी कॅमेऱ्यातून डोळा काढून बराच वेळ तशीच बघत राहिले होते.

मी सोलापुरात फोटोग्राफर आहे. नवी पेठेतला स्टुडिओ वडिलांनी सुरू केला. त्यांच्याकडे दोन लेन्सचा यशिका होता. १२० च्या रोलवर बारा फोटो यायचे आणि त्यातला एकही वाया जाऊ नये म्हणून गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवल्यावर ते आधी नुसते बघत राहायचे. लहानपणी मला वाटायचं, ते मनात काहीतरी मोजतायत. पुढे कळलं की ते त्या माणसाची ओळख करून घेत असत. डिजिटल कॅमेरा आला, बाराची मर्यादा गेली, एका लग्नात हजारोंनी फोटो निघू लागले. बघत राहण्याची त्यांची सवय मात्र माझ्यात उतरली. पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्या सवयीतून आलेलं आहे.

लग्नाचे मुहूर्त संपले की स्टुडिओत पूर्वी शांतता असायची. गेल्या काही वर्षांत ती खाण्याच्या फोटोंनी भरून निघाली. शेंगा चटणी आणि कडक भाकरी या दोन वस्तूंनी सोलापूरच्या किती घरांना हात दिला आहे, याची बाहेरच्यांना फारशी कल्पना नसते. एके काळी हे शहर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि संसारांचा भार यंत्रमाग, चादरी, टॉवेल आणि विड्यांवर आला. पूर्वभागात आजही दारादारांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया दिसतात. त्यांच्या घरांसाठीची लढाई मोठी होती. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये तिचं लोकार्पण झालं. अशा कष्टाच्या घरांतून बचत गट निघाले, गटांतून भाकऱ्या, चटण्या, धपाटे, शेंगापोळ्या निघाल्या, आणि पाकिटावर लावायला फोटो हवा म्हणून त्या बाया माझ्याकडे आल्या.

“फोटो असा काढा ताई, की पुण्या-मुंबईच्या माणसाला बघूनच भूक लागली पाहिजे,” असं त्यांचं मागणं.

स्टुडिओत आणेपर्यंत भाकरीची वाफ जाते, तजेला जातो. म्हणून मीच त्यांच्या घरी जाते. पहाटे जावं लागतं. सोलापूरचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे त्याला कारण सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये दहानंतर पत्र्याखाली चुलीपुढे बसवत नाही, त्यामुळे उजाडायच्या आत चूल पेटते. मोठ्या पातेल्यात पाणी आधणाला ठेवलेलं असतं. ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नाही, पिठाला धरून ठेवणारं असं काही नाही. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. कडकडीत पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच भाकरीला बांधून ठेवतो. हाताला जेमतेम सोसेल इतपत पीठ निवलं की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. थापताना भाकरी परातीत आपली आपण फिरली पाहिजे. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची.

रोजची भाकरी इथे फुगते आणि ताटात जाते. कडक भाकरीचं काम इथून पुढे सुरू होतं. ती मुळातच पातळ थापलेली असते. आच मंद करून कापडाच्या बोळ्याने सगळीकडून दाबत दाबत तिच्यातला ओलावा काढायचा, मग चुलीच्या उबेला उभ्या करून ठेवायच्या. ओलावा राहिला तर बुरशी येते, आच चढली तर करपल्याचा वास लागतो. नीट जमलेली भाकरी कितीतरी दिवस टिकते, बोटाने टिचकी मारली तर खणखणते. आमटीत कुस्करा, दुधात कुस्करा, नाहीतर शेंगा चटणीवर कच्चं तेल किंवा दही घालून नुसती मोडून खा.

एका मावशींना मी विचारलं, भाजून झाली हे तुम्हाला कसं कळतं? त्यांनी तव्यावरची नजर न काढता सांगितलं, “वासानं. डोळ्याला कळेपर्यंत उशीर होतो.” त्यांच्या मनगटावर, कोपरापर्यंत, भाजल्याचे जुने-नवे डाग होते. पुढ्यात भाकऱ्यांची चवड वाढत होती. मी उकिडवी बसून त्या चवडीच्या कडेवर फोकस लावत होते आणि कडेवरचा प्रत्येक पदर म्हणजे एकदा मळणं, एकदा थापणं, एकदा उलटणं, हे माझ्या डोळ्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. घरी ताटात भाकरी एकेकटी येते, त्यामुळे तिच्यामागची ही चवड दिसत नाही.

शेंगा चटणीचंही तसंच. इथे शेंगा म्हटलं की भुईमुगाच्या, वेगळं सांगावं लागत नाही. भाजून सोललेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, एवढ्यावर सगळं. पण ती उखळात कुटायची असते. मिक्सरमध्ये दाण्यांचा भुगा होतो. कांडताना दाणा दबतो, त्याचं तेल सुटतं आणि लसणाचा रस त्या तेलात शिरतो. मग चटणीची ढेकळं होतात, ती बोटांनी मोडायची. फोटोत हा फरक स्पष्ट कळतो. मिक्सरची चटणी विटकरीच्या चुऱ्यासारखी कोरडी दिसते, कांडलेलीवर बारीक ओलसर चमक असते. ती चमक पकडायला मला पिवळा बल्ब बंद करून दार उघडायला सांगावं लागतं, कारण पिवळ्या उजेडात तिखटाचा लाल रंग मातकट होतो. “दार उघड, दिवा बंद कर,” हे वडिलांचं कायमचं वाक्य होतं. ते मी किती स्वयंपाकघरांत म्हटलं असेल!

अशा एका पहाटेच्या कामावरून मी घरी आले, तर आमच्या ओट्यापाशी अव्वा भाकरी करत होत्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. आमचं सासर लिंगायत, घरात कानडी. माझं माहेर मराठी, शेजारच्या अक्का तेलुगू, आणि एकाच संध्याकाळी जिन्यात तिन्ही भाषा ऐकू येतात. सोलापुरात यात नवल काही नाही. अव्वांनी या घरात किती वर्षं भाकऱ्या केल्या, ते त्यांनाही सांगता येणार नाही. मी कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिले. पूर्वेच्या खिडकीतून आडवा उजेड येत होता.

“काय बघायलीस गं?”

“तुमचे हात बघतेय, अव्वा.”

“हात काय, सगळ्यांनाच असतात. पाटपाणी घे, भाकरी निवायली.”

मी फोटो काढला नाही, जेवायला बसले. भाकरी हातात घेतल्यावर मात्र उजेडात धरून पाहिली. त्यांच्या करंगळीजवळचा ठसा इतरांहून खोल पडतो. तेव्हापासून त्यांची भाकरी मला दहा भाकऱ्यांतून ओळखता येते.

अव्वा जेवून उठायच्या आधी ताटात थोडं पाणी घालतात, बोटाने ताट निपटून धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून जुन्या लिंगायत माणसांची ही रीत. लग्न होऊन आले तेव्हा पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. त्यांनी कायक आणि दासोह हे दोनच शब्द सांगितले. बसवण्णांच्या काळापासून चालत आलेली शिकवण अशी की हाताने काम करावं आणि त्यातून मिळालेलं वाटून खावं. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने आमचं गाव चालतं, त्यांनी बाराव्या शतकात लोकांना घेऊन इथलं तळं खोदलं असं आम्ही मानतो. त्या तळ्याच्या काठाशी राहणाऱ्या बाईला हे दोन शब्द पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. अव्वांनी एवढं सांगितलं आणि भांडी उचलली.

त्यानंतर मी घरात एक गोष्ट सुरू केली. जेवण मांडलं की खिडकीच्या उजेडात एक फोटो काढायचा. तो कुठे टाकायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही. आठवड्यातून एकदा त्यातले थोडे छापून वहीत चिकटवायचे आणि खाली लिहायचं, यातलं काय कुणाच्या हातचं. अगदी साध्या नोंदी असतात. ‘ज्वारी मंगळवेढ्याची, मावसदिरांनी दिलेली. दळण कोपऱ्यावरच्या गिरणीतलं. दही अक्कांकडचं. मेथी लक्ष्मी मार्केटातली, कोपऱ्यातल्या बाईकडची. भाकरी अव्वांची. पाणी काल आलं, ह्यांनी भरलं.’ सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून पाणी भरणाऱ्याचंही नाव लागतं.

सुरुवातीला नावं दोन-तीनच सुचायची. मग एकेका पदार्थामागे चौकशी करावी लागली. गिरणीवाल्यांना विचारलं, मेथीवालीला विचारलं, मावसदिरांना फोन केला. त्या चौकशीने माझं बोलणं वाढलं, ओळखी वाढल्या. ज्यांना मी वर्षानुवर्षं फक्त पैसे देत होते त्यांची गावं कळली, शेतं कळली, मुलांची शिक्षणं कळली.

मुलगी पुण्यात मानसशास्त्र शिकते. तिने वही पाहिली आणि सांगितलं की यावर अभ्यास झाले आहेत. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या दोन अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना त्रासाच्या. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातल्या लोकांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं, त्यांच्या अंगदुखी-डोकेदुखीच्या तक्रारीही कमी होत्या. मला यापेक्षा तिने सांगितलेला दुसरा अभ्यास जास्त पटला, कारण तो माझ्या धंद्याचा होता. लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात फिरणाऱ्यांवर केलेला हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. ज्यांनी वस्तूंचे फोटो काढले त्यांना त्या वस्तू, नुसत्या पाहणाऱ्यांच्या मानाने, कमी आठवल्या. जणू लक्षात ठेवायचं काम त्यांनी कॅमेऱ्यावर सोपवलं. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण शाबूत राहिली, आणि न टिपलेल्या भागाचीसुद्धा. ताटाचा वरून काढलेला फोटो आणि भाकरीवरच्या करंगळीच्या ठशाचा फोटो यांतला फरक मला यातून नीट उमगला. वहीत आता मी पूर्ण ताट क्वचितच टिपते. मेथीच्या देठाला राहिलेला मातीचा कण, दह्यावर धरलेली साय, चिमट्याचं टोक, असं एकच काहीतरी.

मावसदिरांचं शेत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आहे. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भागात आणि आमच्या सगळ्या जिल्ह्यात मालदांडीचं नाव आदराने घेतात. मोहोळच्या संशोधन केंद्राने त्यातून निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकातलं, आणि अजून लोक तेच मागतात. ही ज्वारी कशी येते ते जवळून पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. परतीच्या पावसाच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची. पुढे पाऊस येईलच असा भरवसा नसतो. काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलाव्यावर, थंडीतल्या दवावर पीक उभं राहतं. जानेवारीत कणसात हुरडा भरतो, तेव्हा पाखरांचे थवे उतरतात आणि माणसं मचाणावर गोफण घेऊन उभी राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. दाणा माणसांना, कडबा जनावरांना. जिथे पाऊसच बेताचा तिथे एवढं देणारं दुसरं पीक नाही. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं तेव्हा आमच्याकडे त्याचं कौतुक झालं, पण मावसदीर म्हणाले, “आमचं तर दरवर्षीच असतं.”

नवऱ्याच्या आजोळी, अक्कलकोट तालुक्यात, मार्गशीर्षातली अमावास्या शेतात करतात. लातूर-धाराशिवकडे तिला वेळा अमावास्या म्हणतात, इकडे कानडी घरांत येळ अमावास्या. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे. बायका आदल्या रात्रीपासून जागलेल्या असतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मडक्यात मुरवलेली, बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगांच्या पोळ्या. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. चिंच, हिरवी तूर, वाटाणा, गाजर, कांद्याची पात, रानात त्या वेळी जे जे असेल ते सगळं घालून केलेली ही दाट भाजी. नैवेद्य झाला की घरातला एकजण आंबील आणि अन्न घेऊन पिकातून फिरतो आणि चारी अंगांना शिंपडतो. मातीला जेवायला घालायचं, ते या दिवशी असं प्रत्यक्ष. मग वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून आणून बसवतात. ओळखीचा असो नसो.

मी तिथे दरवर्षी फोटो काढते. पहिल्यांदा गेले तेव्हा मोठी कोप, बायकांच्या डोक्यावरच्या पाट्या, हिरवं रान असं सगळं टिपून आणलं, आणि ते सुंदर आलं. आता मी एकच फोटो शोधत असते, हातातून सुटलेलं अन्न मातीवर पडायच्या आतला. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं की आंबीलीचे थेंब हवेत थांबतात. पाठीमागे दुपारचं ऊन असलं की ते थेंब उजळतात. त्या फोटोत देणारा दिसत नाही, फक्त मनगट असतं. तेवढं मला पुरतं.

अन्नासोबत ते करणाऱ्यालाही टिपावं, हे जगात इतरांनाही सुचलेलं आहे. इटलीचा फोटोग्राफर गॅब्रिएले गॅलिंबर्ती जगप्रवासाला निघाला तेव्हा त्याच्या आजीला एकच घोर होता की तिकडे हा खाणार काय. त्याने देशोदेशीच्या आज्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांचे आणि त्यांच्या पदार्थांचे फोटो काढले. ते पुस्तक २०१४ मध्ये आलं. प्रत्येक फोटोशी त्या आजीचं नाव आहे, वय आहे, गाव आहे. त्याआधी २००५ मध्ये पीटर मेन्झेल आणि फेथ डिअलुइझिओ यांनी निरनिराळ्या देशांतली कुटुंबं त्यांच्या आठवड्याभराच्या अन्नासोबत उभी करून एक पुस्तक केलं होतं. तिथे नजर आधी अन्नाच्या ढिगाकडे जाते. मला गॅलिंबर्तीच्या आज्या जास्त जवळच्या वाटतात, कारण तिथे पदार्थ ओळखायचा तर आधी माणूस ओळखावा लागतो.

हे फोटो मी बचत गटातल्या बायांना दाखवले आणि पाकिटासाठी एक सुचवलं. पितळी ताट, हिरवी मिरची, झेंडूचं फूल असला फोटो सगळेच लावतात, आपण पाकिटाच्या मागच्या बाजूला भाकरी थापणारे हात लावू आणि खाली करणाऱ्यांची नावं छापू. त्यांच्यात बराच वाद झाला. एकजण म्हणाली, हातावर डाग आहेत, लोकांना बरं दिसेल का? दुसरी म्हणाली, बांगड्या तरी नव्या घालू दे. तिसरीचं म्हणणं वेगळंच, नाव आलं की तक्रार माझ्या नावावर येईल, म्हणजे मला भाकरी आणखी नीट करावी लागेल. तिच्या या म्हणण्यावर सगळ्या तयार झाल्या. आता पाकिटामागे त्यांची नावं आहेत. रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर आपलं नाव छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं, असं त्यांच्यातल्या थोरलीने मला सांगितलं. पाकीट बराच वेळ तिच्या हातात होतं.

इथे मला एक स्पष्ट बोलायचं आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला अन्नपूर्णा म्हणणं सोपं असतं, तिचा सुंदर फोटो काढणं त्याहून सोपं. आपण तिचे उपकार मानतो असं म्हणत तिच्या भाकरीचा भाव पाडणारे मी पाहिले आहेत. घरातली बाई रात्री अकराला ओटा धूत असताना तिच्या हातच्या चवीचं कौतुक सांगणारेही पाहिले आहेत. ज्याला खरोखर जाणीव झाली तो उठून ओट्यापाशी जातो, किंवा खिशात हात घालतो. वहीतल्या नोंदी वाढू लागल्या तशी आमच्याकडे कामाची वाटणी बदलली. भाजी निवडणं, पाणी भरणं, रात्रीची भांडी ह्यांच्याकडे गेली. ह्यांनी वही वाचली होती. मला वेगळं काही म्हणावं लागलं नाही.

मग एका पावसाळ्यात अव्वांना चिकुनगुन्या झाला. ताप उतरला, पण मनगटं धरली ती धरलीच. तांब्या उचलता येईना. तेव्हापासून भाकरी माझ्याकडे आली. मी भाकरी करत नव्हते असं नाही, पण रोजची, सगळ्यांची, न चुकता, अशी नव्हती. अव्वा ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसत आणि आवाजावरून सांगत. “पाणी कमी झालं.” “थापतीस का मारतीस?” “आता उलट. आता.” त्यांचं बघणं कानात होतं. कितीतरी स्वयंपाकघरांत मी लेन्समधून पाहिलेलं सगळं आता तळहाताला शिकावं लागलं. पिठाचा उबारा, परातीवरचं सरकणं, पाणी फिरवताना बोटांना लागणारी तव्याची धग. हाताने करायला लागल्यावर माझे फोटोही बदलले. क्लिक कधी करायचं ते आधी डोळा ठरवायचा, आता हात ठरवतो. भाकरी उलटायच्या आधीचा क्षण मला न बघता कळतो.

सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले हजारो भक्त नंदीध्वजांसोबत निघतात, तेव्हा सगळे फोटोग्राफर मीटरशी झगडत असतात. पांढऱ्यावर पांढरं. मला तो उजेड सोपा वाटतो. रोज सकाळी परातीत तोच असतो.

वहीतून आणखी एक काम निघालं. ज्यांचे हात, चेहरे, दुकानं मी टिपते त्यांना छापलेली प्रत नेऊन द्यायची. मोबाइलवर पाठवली तर ती वाहून जाते. कागदाची प्रत भिंतीवर लागते, देवाशेजारी लागते, गल्ल्यात ठेवली जाते. भोगीच्या आधी मी लक्ष्मी मार्केटात जाते, पावटा, हरभरा, गाजर, वांगी, बोरं घ्यायला, तेव्हा पिशवीत फोटोंचं पाकीट असतं. गिरणीवाल्यांना त्यांच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांचा फोटो दिला. त्यांनी तो गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून मळवला, मी दुसरा करून दिला.

यंदा कोपऱ्यातल्या मेथीवालीला तिचा फोटो दिला. पहाटेच्या उजेडात जुड्यांवर पाणी शिंपडतानाचा, माझा स्वतःचा अतिशय आवडता. थेंब सुरेख आले आहेत, तिच्या हाताची गती आली आहे. तिने तो पदराला हात पुसून घेतला, पाहिला, मेथीच्या ढिगाआड ठेवला आणि म्हणाली, “चांगला हाय. पण ताई, ह्यात मी काम करायले.”

“मग?”

“मला बसलेला पायजे. खुर्चीवर. माझी पोरगी नर्सिंगला लागलीय, ती सुट्टीला येती रविवारी. ती आन मी. साडी नेसून येती. तुमच्या दुकानात पडदा हाय ना, डोंगराचा?”

वडिलांनी रंगवून घेतलेला तो पडदा अजून आहे, गुंडाळून ठेवलेला. मी हो म्हटलं, वेळ ठरवली, सकाळी अकरा. तिने माझ्या पिशवीत दोन जुड्या टाकल्या आणि पैसे घेईना. मी दिले. तिने ते घेतले आणि कोथिंबीर वर टाकली.